बावीस अक्षरांची मात्रा

काही वर्षांपूर्वी माझ्या रोगप्रतिकारशास्त्राच्या वर्गातली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर टेबलापाशी थांबली. हातात प्लास्टिकची पारदर्शक फाइल, तिच्यात तारीखवार लावलेले रिपोर्ट. एएनए पॉझिटिव्ह. डीएनएविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली. सी3 आणि सी4 घटलेले. लघवीतून प्रथिन जातंय. नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर पसरलेली लाली तिने उन्हाची समजून वर्षभर अंगावर काढली होती. बोटांचे सांधे सकाळी आखडायचे, तेही अभ्यासाच्या जागरणावर ढकललं होतं. आता निदान झालं होतं : ल्युपस. पण ती रिपोर्ट समजून घ्यायला आली नव्हती.

“मॅडम, घरी सगळे म्हणतात, हिची प्रतिकारशक्ती कमी पडली. आत्या रोज सकाळी गुळवेलीचा काढा करून देते. आणि डॉक्टर तर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या देतात. मग खरं काय?”

त्या दिवशी मी तिला पाच मिनिटांत जे सांगितलं, ते चुकीचं नव्हतं, पण तोकडं होतं. हे पुस्तक म्हणजे तिच्या त्या प्रश्नाला दिलेलं लांबचं उत्तर आहे.

आपल्याकडे प्रतिकारशक्ती हा शब्द पैशासारखा वापरला जातो. जितकी जास्त, तितकी बरी. करोनाच्या काळात तर ती ‘वाढवण्याची’ घराघरांत चढाओढ लागली. त्याच काळात, 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी पाहिले आणि पुढे त्यांची नोंद प्रसिद्ध केली. काहींच्या इजेचं रूप स्वप्रतिकारी आजाराशी जुळणारं होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वाद झाला. त्या वादाचा निवाडा इथे करायचा नाही. मात्र शरीराचा प्रतिकार वाढवणं हे आपोआप चांगलं असतं, हा समज एकदा तपासून पाहायला हवा, आणि तो तपासायला ल्युपसइतका कठोर शिक्षक दुसरा नाही.

ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिला आवर उरलेला नसतो. जी प्रतिपिंडं जंतूंवर चालून जायची, ती आपल्याच पेशींच्या केंद्रकावर, त्यातल्या डीएनएवर, आरएनएवर आणि त्यांना धरून असलेल्या प्रथिनांवर चालून जातात. त्यांचे गुंते मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांत, त्वचेत, सांध्यांत जाऊन बसतात आणि तिथे दाह पेटवतात. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विलक्षण दृश्य दिसलं : एका पांढऱ्या पेशीने दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून पोटात ठेवलं होतं. त्या पेशीला एलई पेशी हे नाव पडलं. ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने लचका तोडल्यासारखे दिसतात, म्हणून जुन्या वैद्यांनी ते नाव दिलं होतं. एलई पेशीने दाखवलं की लांडगा बाहेरून आलेला नाही.

हा आजार दहापैकी नऊ वेळा बाईला होतो, आणि तोही बहुधा ऐन तारुण्यात. दिल्लीजवळच्या ज्या पाहणीचे निष्कर्ष 1993 साली प्रसिद्ध झाले, तिच्यात लाखामागे सुमारे तीन रुग्ण आढळले होते. आकडा लहान वाटतो. पण शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण हे सगळं ज्या वयात व्हायचं असतं, त्याच वयात हा आजार येतो आणि पुढे आयुष्यभर सोबत राहतो, हे लक्षात घेतलं की त्या तिनाचं वजन कळतं.

रुग्णाच्या रक्तात नेमकं काय बिघडतं, याचा एक मोठा धागा 2003 साली हाती आला. अमेरिकेतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तपेशींमधली हजारो जनुकं एकाच वेळी तपासली. दोघांनाही एकच ठसा दिसला : इंटरफेरॉनच्या हुकमाने जागी होणारी जनुकं मोठ्या संख्येने जागी होती. इंटरफेरॉन हे शरीराचं विषाणूविरुद्धचं दवंडी पिटणारं रसायन. विषाणू शिरला की पेशी ते सोडतात, आसपासच्या पेशी सावध होतात, आणि विषाणू गेला की दवंडी थांबते. ल्युपसमध्ये विषाणू नसताना दवंडी चालूच राहते. त्याआधीच डॉक्टरांनी याची उलटी बाजू पाहिली होती. काही आजारांवर औषध म्हणून इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत, तेव्हा मोजक्या रुग्णांमध्ये ल्युपससारखा आजार उभा राहिला होता.

दवंडी कोण सुरू करतं, हे शास्त्रज्ञ बराच काळ शोधत होते. ती थांबवतं कोण, हा प्रश्न तितकाच मोलाचा आहे हे उशिरा ध्यानात आलं. त्या प्रश्नाचं एक उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आलं, मातीत राहणाऱ्या एक मिलिमीटर लांबीच्या कृमीकडून.

सी. एलिगन्स नावाच्या या कृमीमध्ये लिन-4 नावाचं जनुक बिघडलं की तिची वाढ अडकते. ती बाल्यावस्थेतल्याच पायऱ्या पुन्हा पुन्हा चढत राहते. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस हार्वर्डमध्ये हे जनुक शोधत होते आणि गॅरी रुव्हकुन बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लिन-14 या त्याच्या जोडीदार जनुकावर काम करत होते. लिन-4 सापडलं तेव्हा त्यातून कोणतंच प्रथिन बनत नाही असं दिसलं. बनत होता फक्त आरएनएचा एक चिमुकला तुकडा, अवघ्या 22 अक्षरांचा. दोघांनी आपापल्या जनुकांची अक्षरं एकमेकांना कळवली आणि दोघांनाही स्वतंत्रपणे एकच गोष्ट दिसली. ही 22 अक्षरं लिन-14च्या संदेशाच्या शेपटाशी जुळत होती. चिमुकला आरएनए त्या संदेशाला चिकटून त्याचं प्रथिन होऊ देत नव्हता. 1993च्या डिसेंबरात दोन्ही शोधनिबंध एकत्र छापून आले, आणि कृमीचा काहीतरी खास स्वभाव असेल, म्हणून बहुतेकांनी ते बाजूला ठेवले. 2000 साली रुव्हकुन यांच्या गटाला लेट-7 हा दुसरा असाच आरएनए मिळाला. तो माशीपासून माणसापर्यंत सगळीकडे तसाच्या तसा होता. त्यानंतर मात्र दार उघडलं. अशा चिमुकल्या आरएनएला मायक्रोआरएनए म्हणतात. आज माणसात ते एक हजाराहून अधिक ज्ञात आहेत. 7 ऑक्टोबर 2024 रोजी अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना नोबेल जाहीर झालं, त्या दिवशी मी या पुस्तकाचा पहिला आराखडा कपाटातून बाहेर काढला.

मायक्रोआरएनए काम कसं करतो, हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. केंद्रकात डीएनएवरून एक लांब आरएनए उतरवला जातो. तो स्वतःवरच दुमडून केसांच्या आकड्यासारखा आकार घेतो. ड्रोशा नावाचं विकर त्याचा आकडा कापून काढतं. आकडा केंद्रकाबाहेर येतो, तिथे डायसर नावाचं दुसरं विकर त्याचे आणखी तुकडे करतं, आणि उरलेली साधारण 22 अक्षरं आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या कुशीत जाऊन बसतात. ही जोडी पेशीभर फिरते. आपल्या दुसऱ्या ते आठव्या अक्षराशी जुळणारा संदेशवाहक आरएनए दिसला की त्याला धरते. मग तो संदेश लवकर नष्ट होतो किंवा त्याचं प्रथिन कमी बनतं. ओळख पटायला सात-आठ अक्षरं पुरतात, त्यामुळे एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना हात लावू शकतो, आणि एका संदेशावर अनेक मायक्रोआरएनए येऊन बसू शकतात.

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘कमी’ हा आहे. मायक्रोआरएनए बहुधा एखादं प्रथिन पूर्ण बंद करत नाही. 2008 साली पेशीतली हजारो प्रथिनं मोजून पाहिली गेली, तेव्हा एका मायक्रोआरएनएचा एका प्रथिनावरचा परिणाम बहुतेक वेळा सौम्य निघाला, निम्म्यापर्यंत घट म्हणजेच पुष्कळ. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : मात्रा. वैद्याच्या हातातली मात्रा, तबल्याच्या ठेक्यातली मात्रा आणि अक्षरावरची मात्रा, तिन्हींचा अर्थ माप. ‘मळ’वर एक मात्रा चढली की ‘मेळ’ होतो. प्रतिकार पेशींचं वागणं असंच आहे. तेच प्रथिन थोडं कमी असताना पेशी शांत राहते आणि थोडं जास्त झालं की आपल्याच अंगावर उठते. मायक्रोआरएनए हा या मापाचा राखणदार, आणि मला कळतो तो ल्युपस म्हणजे बऱ्याच अंशी मात्रा चुकल्याचा आजार.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे मिर-146ए हा मायक्रोआरएनए. 2006 साली कॅलटेकमध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या मोनोसाइट पेशींना जिवाणूच्या कवचातलं रसायन दाखवलं गेलं. धोक्याची खूण मिळाल्यावर पेशीतला एनएफ-कप्पाबी नावाचा नियंत्रक जागा झाला आणि दाहाची जनुकं चालू झाली. पण त्याच एनएफ-कप्पाबीने मिर-146एचं जनुकही चालू केलं, आणि मिर-146ए जाऊन बसला तो आयआरएके1 आणि ट्राफ6 या दोन प्रथिनांच्या संदेशांवर. ही दोन्ही प्रथिनं धोक्याची खूण एनएफ-कप्पाबीपर्यंत पोचवणारी. म्हणजे जी आच दूध वर आणते, तीच आच गॅस बारीक करणारा हातही घडवते. दूध उतू जात नाही ते यामुळे.

2009 साली शांघायमधल्या नान शेन यांच्या गटाने ल्युपसच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी तपासल्या. मिर-146ए त्यांच्यात घटलेला होता, आणि ज्यांचा आजार जास्त भडकलेला, ज्यांचा इंटरफेरॉनचा ठसा जास्त ठळक, त्यांच्यात तो आणखी कमी. हा मायक्रोआरएनए इंटरफेरॉनच्या वाटेवरच्या आयआरएफ5 आणि स्टॅट1 या प्रथिनांनाही आवरतो, हेही त्यांनी दाखवलं. मग रुग्णांच्याच पेशींत बाहेरून मिर-146ए घातला, तेव्हा इंटरफेरॉनची ओरड उतरली. 2011 साली याच गटाने एक पायरी मागे जाऊन पाहिलं. काही माणसांत मिर-146एच्या जनुकाच्या दारातच डीएनएचं एक अक्षर वेगळं असतं. तिथे ईटीएस1 हे प्रथिन नीट बसत नाही, मायक्रोआरएनए कमी बनतो आणि ल्युपसचा धोका वाढतो. रोगाचा सांगावा प्रथिन सांगणाऱ्या जनुकात नव्हता, मापाच्या दारात होता.

मिर-155ची कहाणी उलट दिशेने जाते. त्याचं जनुक आधी कोंबड्यांच्या रक्ताच्या कर्करोगात सापडलं होतं आणि त्याला बीआयसी म्हणत. 2007 साली मिर-155 नसलेले उंदीर तयार केले गेले, तेव्हा त्यांची लशीला मिळणारी दादच दुबळी निघाली. बी पेशींना चांगली प्रतिपिंडं घडवता येईनात. म्हणजे हा मायक्रोआरएनए प्रतिकाराचा साथीदार आहे. मग ल्युपसकडे झुकणाऱ्या उंदरांतून तो काढून टाकला तर? 2013 साली तसं करून पाहिलं आणि त्या उंदरांत स्वतःविरुद्धची प्रतिपिंडं घटली, मूत्रपिंडाचं नुकसान कमी झालं. एक मायक्रोआरएनए कमी पडून आजार वाढतो, दुसरा असल्यामुळे वाढतो. म्हणूनच ‘मायक्रोआरएनए चांगले की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणता, कोणत्या पेशीत, किती, हे विचारायला हवं.

टी पेशींच्या बाबतीत धागा एका जुन्या औषधापर्यंत जातो. रक्तदाबावरचं हायड्रालाझिन काही रुग्णांना ल्युपससारखा आजार देतं आणि औषध थांबवलं की तो बहुधा ओसरतो. त्यामागचं एक कारण असं की हे औषध टी पेशींमधलं डीएनएचं मिथिलीकरण कमी करतं. मिथिलीकरण म्हणजे जी जनुकं झोपलेली बरी, त्यांच्यावर घातलेलं पांघरूण. ते सरकलं की सीडी70सारखी प्रथिनं पेशीवर नको तितकी उगवतात आणि टी पेशी बी पेशींना विनाकारण चेतवतात. चीनमधल्या संशोधकांनी 2010 आणि 2011 साली दाखवलं की ल्युपसच्या सीडी4 टी पेशींत मिर-148ए आणि मिर-126 वाढलेले असतात आणि ते पांघरूण घालणाऱ्या डीएनएमटी1 या विकरालाच थेट आवरतात. मिर-21 तेच काम आडवाटेने करतो.

बी पेशींकडे वळलं की मिर-148ए पुन्हा भेटतो. अपरिपक्व बी पेशी जर आपल्याच शरीराला ओळखू लागली, तर तिने मरून जावं अशी शरीराची व्यवस्था असते. मिर-148ए वाढला की ती मरणाची आज्ञा मंदावते, हे उंदरांवरच्या प्रयोगांत 2016 साली दिसलं. त्याआधी 2008 साली मिर-17 ते 92 हा सहा मायक्रोआरएनएंचा गुच्छ उंदरांच्या लसिका पेशींत वाढवला होता, तेव्हाही बिम आणि पीटेन ही आवर घालणारी प्रथिनं कमी होऊन स्वप्रतिकारी आजार झाला. जिला मरायचं होतं ती पेशी जगली, इतकंच झालं. पण तेवढं पुरलं.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त थांबवून ठेवणारा भाग वेगळा आहे. मायक्रोआरएनए फक्त माप राखत नाही, कधी कधी तोच ठिणगी होतो. पेशी मरताना किंवा जगतानाही छोटे छोटे बुडबुडे बाहेर सोडतात, त्यांत मायक्रोआरएनए असतात. आपल्या प्रतिकार पेशींच्या आत टीएलआर7 नावाचा पहारेकरी असतो. त्याचं काम विषाणूचा आरएनए ओळखायचं. 2018 साली इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातले हे बुडबुडे टीएलआर7ला फसवतात आणि इंटरफेरॉन सोडायला लावतात. 2022 साली तर स्पेनमधल्या एका मुलीच्या ल्युपसमागे टीएलआर7च्या जनुकातलं एकच बदललेलं अक्षर असल्याचं सिद्ध झालं. टीएलआर7चं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाईच्या पेशीत दोन एक्स असतात, त्यांतला एक शांत केलेला असतो. पण हे जनुक काही प्रतिकार पेशींत त्या शांततेतून निसटतं. पुष्कळ मायक्रोआरएनएही एक्सवरच आहेत. दहांत नऊ बायका का, या प्रश्नाचा एक धागा इथे सापडतो.

माझ्या विद्यार्थिनीच्या फाइलमध्ये शेवटी लावलेल्या चिठ्ठीवर पहिलं औषध होतं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. मूळची मलेरियाची ही गोळी ज्या अनेक जागी काम करते, त्यांतली एक म्हणजे टीएलआर7 जिथे आरएनए तपासतो ती पेशीतली पिशवी. 2020 साली करोनाच्या धास्तीने लोकांनी ही गोळी साठवून ठेवली आणि ज्यांना ती रोज लागते त्या ल्युपसच्या रुग्णांना दुकानोदुकानी फिरावं लागलं. विज्ञान अर्धवट पोचलं की त्याची किंमत कोण मोजतं, हे तेव्हा दिसलं.

म्हणूनच या पुस्तकात आशेइतकीच सावधगिरीही आहे. रुग्णांवरचे बरेच अभ्यास लहान आहेत. रक्ताची एक नळी म्हणजे अनेक जातींच्या पेशींचं मिश्रण. त्यात एखादा मायक्रोआरएनए वाढलेला दिसला तर तो खरंच वाढला की त्या जातीच्या पेशीच वाढल्या, हे वेगळं करावं लागतं. रुग्ण घेत असलेली स्टिरॉइडंही आकडे हलवतात. मायक्रोआरएनए रक्तात आणि लघवीत टिकून राहतात, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार सुई न घालता ओळखता येईल ही उमेद खरी आहे. पण आज रुग्णालयात ल्युपसचं निदान त्यावरून होत नाही. औषधाच्या वाटेवर तर मोठा इशाराच मिळाला आहे. कर्करोगासाठी मिर-34एची नक्कल रुग्णांना देणारी चाचणी 2016 साली थांबवावी लागली, कारण प्रतिकारयंत्रणेशी संबंधित गंभीर दुष्परिणाम झाले आणि काही रुग्ण दगावले. शेकडो संदेशांना हात लावणारी गोष्ट हवी त्या पेशीत, हवी तेवढीच पोचवणं अजून आपल्याला जमलेलं नाही. मात्रेचा प्रश्न इथेही आडवा येतोच.

वाचकांना एक सूचना. पहिल्या भागात प्रतिकार पेशींची ओळख आहे. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं असेल तर तिथूनच सुरुवात करावी. दुसऱ्या भागात मायक्रोआरएनए आणि तिसऱ्या भागात ल्युपस येतो. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी तिसरा भाग आधी वाचला तरी चालेल. या पुस्तकावरून कोणी गोळी बंद करू नये आणि काढा चालू करू नये. ते डॉक्टरांशी बोलूनच.

हस्तलिखित पुरं झालं तेव्हा ते मी पहिल्यांदा त्या विद्यार्थिनीला दिलं. ती आता नोकरी करते, गोळ्या वेळेवर घेते, उन्हात छत्री उघडते. दोन आठवड्यांनी तिने कागद परत दिले. समासात पेन्सिलीने चार-पाच खुणा होत्या. आणि शेवटच्या पानावर एकच ओळ : “मॅडम, यात थकवा कुठे आहे?”

मी प्रतिपिंडं लिहिली होती, मूत्रपिंड लिहिलं होतं. दोन जिने चढल्यावर जिन्यातच बसावं लागतं, हे लिहिलं नव्हतं. कोणत्याच रिपोर्टात त्याचा आकडा येत नाही, म्हणून ते माझ्याही नजरेतून सुटलं. इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेणारे रुग्ण अंग मोडून गेल्यासारखं वाटतं, उठवत नाही, अशी तक्रार करत. ज्या दवंडीची मात्रा मिर-146एने राखायची, ती दिवसरात्र अंगात वाजत राहिली तर शरीर दमेलच. थकव्याचं सगळं उत्तर यात नाही. झोप, वेदना, मनावरचा ताण, औषधं यांचाही वाटा आहे. पण मुलगी आळशी झाली, असं म्हणणाऱ्या घराला देण्याइतकं उत्तर यात नक्की आहे.

तिच्या त्या ओळीनंतर मी एक प्रकरण नव्याने लिहिलं. पुस्तकात ते सर्वांत शेवटी आहे, आणि तिच्या आत्याला वाचता येईल अशा भाषेत आहे.